एका इंजिनात दोन इंजिने

शाळेच्या पुस्तकात पेट्रोल इंजिनची आकृती असते ती एकाच सिलिंडरची. हवा-इंधनाचे मिश्रण आत येते, दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि जळालेला धूर बाहेर जातो. चार स्ट्रोक झाले की धडा संपतो. पुढे कोणी विचारलेच, तर ‘मोटारीत असे चार किंवा सहा सिलिंडर असतात’ असे सांगून आपण मोकळे होतो. खरी गंमत मात्र तिथेच सुरू होते. सहा सिलिंडर एका रांगेत उभे केले म्हणजे एकाच्या सहापट इंजिन तयार होते असे नाही. त्या सहांना वेळेवर आणि सारखे खायला घालणे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. तो कसा सोडवतात हे पाहताना दाब, प्रवाह, वारंवारता आणि सरासरी असे आपल्या अभ्यासक्रमातले बरेच काही हाताशी येते.

उदाहरण म्हणून एक प्रसिद्ध गाडी घेऊ. जपानच्या निस्सान कंपनीने १९६९ च्या अखेरीस एक दोन आसनी गाडी बाजारात आणली. जपानबाहेर ती डॅटसन २४०-झेड या नावाने विकली गेली. अमेरिकेत तिचे चाहते अजून आहेत आणि जुनी इंजिने ते स्वतःच्या हाताने लावतात. हे इंजिन २३९३ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडरचे, सरळ रांगेतले. म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला साधारण ४०० घनसेंटिमीटर येतात. त्यावर दोन कार्ब्युरेटर बसवलेले असतात. पुढचा कार्ब्युरेटर १, २, ३ या सिलिंडरांना मिश्रण देतो आणि मागचा ४, ५, ६ यांना.

दोन कशासाठी? एकच मोठा कार्ब्युरेटर मध्यभागी ठेवला तर काय बिघडते? बिघडते ते अंतरामुळे. कार्ब्युरेटरमधून निघणारे इंधन सगळेच वाफेच्या रूपात नसते. त्यात बारीक थेंब असतात, आणि काही इंधन नळीच्या भिंतीला ओलावा धरून सरकत असते. हवा हलकी असल्यामुळे ती वळणावर सहज वळते. थेंब जड असतात, ते जडत्वाने सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. लांब नळीच्या टोकांना असलेल्या पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरला आणि अगदी जवळच्या तिसऱ्या-चौथ्याला सारखे मिश्रण मिळणे त्यामुळे कठीण होते. पंगतीत एकाच वाढप्याने लांबलचक रांग सांभाळली तर टोकाच्या पानांवर काय पडते, हे आपण पाहिलेलेच आहे.

आता सिलिंडर पेटण्याचा क्रम पाहा. तो १-२-३-४-५-६ असा नसतो. सरळ रांगेतल्या बहुतेक सहा सिलिंडर इंजिनांप्रमाणे या इंजिनाचाही क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. हे आकडे फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा, यात पुढच्या तिघांतले कोणते आणि मागच्या तिघांतले कोणते? एक पुढचा, पाच मागचा. तीन पुढचा, सहा मागचा. दोन पुढचा, चार मागचा. म्हणजे पुढचा, मागचा, पुढचा, मागचा अशी एकाआड एक पाळी अगदी काटेकोरपणे चालते.

चार स्ट्रोकचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होते. सहा सिलिंडर असल्याने दर १२० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. मिश्रण ओढून घेण्याचा क्रमही तोच असतो. पुढच्या गटाचे सिलिंडर ०, २४० आणि ४८० अंशांवर ओढ घेतात, मागच्या गटाचे १२०, ३६० आणि ६०० अंशांवर. म्हणजे प्रत्येक कार्ब्युरेटरला बरोबर २४० अंशांच्या अंतराने हाक येते. मिश्रण आत घेणारी झडप नुसते १८० अंश उघडी नसते. ती थोडी आधी उघडते आणि थोडी उशिरा मिटते, त्यामुळे ती साधारणपणे २४० अंशांच्या आसपास उघडी राहते. एका सिलिंडरचे घेऊन होते न होते तोच त्याच गटातला दुसरा सुरू करतो. कार्ब्युरेटरमधला प्रवाह जवळजवळ अखंड राहतो आणि एकाच्या तोंडचा घास दुसऱ्याने पळवण्याचा प्रसंग फारसा येत नाही.

क्रँकशाफ्टकडे पाहिले तर ही विभागणी आणखी स्पष्ट होते. पहिल्या आणि सहाव्याचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, दुसऱ्या आणि पाचव्याचे एकाच वेळी, तिसऱ्या आणि चौथ्याचेही तसेच. क्रँकशाफ्टचा मागचा अर्धा भाग हा पुढच्या अर्ध्या भागाचे आरशातले प्रतिबिंब असतो. एकट्या तीन सिलिंडर इंजिनला पुढून-मागून डुलण्याची खोड असते. आरशातल्या जोडीदाराची डुलण्याची दिशा नेमकी उलट असल्याने दोघांचे डुलणे एकमेकांना खाऊन टाकते. सरळ रांगेतले सहा सिलिंडर इंजिन इतके शांत चालते त्याचे कारण हेच. तेव्हा हे एक इंजिन न समजता, एकाच क्रँकशाफ्टवर पाठीला पाठ लावून बसवलेली तीन सिलिंडरची दोन इंजिने आहेत असे समजायला काहीच हरकत नाही. किंबहुना ते लावताना, म्हणजे ट्यूनिंग करताना, तसेच समजावे लागते.

इथे एक अडचण उभी राहते. दोन्ही गट एकाच दांड्याला बांधलेले आहेत. पुढच्या गटाला मिश्रण भरपूर मिळाले आणि मागच्याला कमी, तरी दोघांची गती एकच राहणार, कारण दांडा एकच आहे. बैलजोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता जुवाखाली चालतो, तरी गाडी पुढे जातेच. लांबून पाहणाऱ्याला दोन बैल चालताना दिसतात, पण ओढणारा कोण हे कळत नाही. पूर्ण इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू फिरवणाऱ्याची फसगत नेमकी अशीच होते. एका गटाची चूक दुसऱ्या गटाच्या उलट्या चुकीने झाकली जाते आणि इंजिन बरे चालते आहे असे वाटते.

वरच्या वर्गांसाठी यात एक चांगले गणित आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. समजा, पुढच्या गटात हे प्रमाण १२.५ आहे, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि मागच्या गटात १७.८ आहे, म्हणजे पेट्रोल कमी. दोन्ही गट सारखीच हवा घेतात असे धरू. दोन्हींचा धूर एकाच नळीतून बाहेर पडतो, तर एकूण प्रमाण किती? विद्यार्थी लगेच १२.५ आणि १७.८ यांची बेरीज करून दोनाने भागतील आणि १५.१५ सांगतील. ते चूक आहे. हवा सारखी आहे, पेट्रोल वेगळे आहे, म्हणून बेरीज पेट्रोलची करायला हवी. एक किलो हवेमागे पुढच्या गटाने १ भागिले १२.५, म्हणजे ०.०८ किलो पेट्रोल घेतले. मागच्याने १ भागिले १७.८, म्हणजे सुमारे ०.०५६ किलो. दोन किलो हवेला एकूण ०.१३६ किलो पेट्रोल झाले. भागाकार केला की उत्तर येते जवळजवळ १४.७! म्हणजे एकूण हिशेब अगदी आदर्श, पण आत एकही सिलिंडर नीट जळत नाही. ही हरात्मक सरासरी आहे, आणि ती शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

अशा इंजिनाचे पुढे काय होते? जास्त पेट्रोल मिळालेल्या गटात प्लगवर काजळी धरते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. कमी पेट्रोल मिळालेल्या गटात जळण सावकाश होते, ते लांबत जाते, कार्ब्युरेटरच्या तोंडातून फटफट असे उलटे आवाज येतात, आणि जोरात गाडी हाकली तर धूर सोडणाऱ्या झडपा करपू शकतात. पाहा, एकाच इंजिनात दोन उलटे आजार. डॉक्टरने सहाच्या सहा प्लग काढून ओळीने मांडले तर निदान क्षणात होते. तीन काळे, तीन पांढुरके. नीट जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग फिकट तपकिरी असतो. धुराची तपासणी करणारे यंत्र असेल तर तेही चोर पकडते, पण त्यासाठी दोन वायू मोजावे लागतात. कार्बन मोनॉक्साइडही जास्त आणि ऑक्सिजनही जास्त, असे एकाच धुरात दिसले तर आत कुठेतरी दोन वेगळी मिश्रणे जळत आहेत असा संशय घ्यायला जागा आहे. जॅग्वार कंपनीच्या एक्सके इंजिनात धुराचे दोन वेगळे मॅनिफोल्ड असतात, प्रत्येकी तीन सिलिंडरांचे. तिथे प्रत्येक गटाची साक्ष स्वतंत्र घेता येते. (त्या इंजिनात सिलिंडरांची मोजणी मागून सुरू होते. पहिला सिलिंडर पुढचा असे गृहीत धरून काम करणारा हमखास चुकतो.)

हाताला आणि कानाला कळणारी खूणही आहे. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ७२० फेरे घेत आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला १२ फेरे. दर दोन फेऱ्यांत सहा वेळा पेटणे, म्हणजे सेकंदाला ३६ ठोके. दोन्ही गट सारखे असतील तर ३६ समान ठोक्यांची एकसारखी गुणगुण होते. एक गट दुबळा असेल तर जोरकस-हलका, जोरकस-हलका अशी पाळी लागते, कारण क्रमच एकाआड एक आहे. आता ३६ ऐवजी १८ ची वारंवारता पुढे येते. तीच ती थरथर, जी स्टिअरिंगला आणि आसनाला जाणवते.

हे वर्गात दाखवता येते. सहा विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून क्रमांक द्या आणि १-५-३-६-२-४ या क्रमाने सारख्या अंतराने टाळ्या वाजवायला सांगा. चार-दोन प्रयत्नांत जमते. मग मागच्या तिघांना अगदी हलकी टाळी द्यायला सांगा. बाकीच्या वर्गाला डोळे मिटून ठोके मोजू द्या. सहा टाळ्या वाजत असतानाही कानात तीनच भरतात. यानंतर मागच्या तिघांऐवजी कोणत्याही एकाच विद्यार्थ्याला हलकी टाळी द्यायला सांगून पाहा. ताल निराळाच लंगडतो. एक सिलिंडर आजारी असणे आणि एक गट आजारी असणे या दोहोंतला फरक असा कानाने कळतो.

आता कार्ब्युरेटरकडे वळू. या गाडीवरचे कार्ब्युरेटर हिताचीचे होते, पण पद्धत इंग्लंडच्या एसयूची. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. विसाव्या शतकाच्या आरंभी स्किनर बंधूंनी ही रचना केली. त्यांच्या घरचा धंदा पादत्राणांचा होता, आणि सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता वापरला होता हे मुलांना सांगायला विसरू नये. पुढे भात्याच्या जागी धातूचा सरकता पिस्टन आला. इंजिन जास्त हवा ओढू लागले की हा पिस्टन वर उचलला जातो आणि हवेची वाट रुंद होते. परिणामी त्या अरुंद जागेतला हवेचा वेग आणि दाबातली घट जवळजवळ कायम राहते. पिस्टनला खाली एक निमुळती सुई असते, ती पेट्रोलच्या छिद्रात उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग छिद्रात येतो आणि पेट्रोलची वाट मोठी होते. हवा वाढली तर पेट्रोलही त्याच मापाने वाढते. बर्नूलीचे तत्त्व शिकवताना फवाऱ्याच्या जोडीला हे उदाहरण घ्यावे.

प्रत्यक्ष ट्यूनिंग करणारा आधी बाकीच्या गोष्टी तपासतो. सहाही सिलिंडरांतला दाब, झडपांतली फट, ठिणगीची वेळ, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का. यांतले काही बिघडले असेल तर कार्ब्युरेटरला दोष देऊन उपयोग नाही, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी गुण येत नाही. दोन्ही कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी सारखी हवी, सुया एकाच उंचीवर हव्यात, पिस्टन उचलून सोडला की अडखळता कामा नये. मग इंजिन चांगले तापू देतात.

त्यानंतरची पायरी महत्त्वाची आहे. दोन्ही थ्रॉटलना जोडणारा दांडा सैल करतात. आता पुढचे तीन आणि मागचे तीन यांचा हवेपुरता संबंध तुटला. (पूर्ण तुटत नाही, कारण दोन मॅनिफोल्डना जोडणारी एक समतोल नळी मध्ये असते. त्यामुळे एकीकडे केलेला बदल दुसरीकडे थोडासा कळतोच.) प्रत्येक थ्रॉटल पूर्ण मिटवून दोन्हींचे स्क्रू सारखे फिरवतात, आणि इंजिन चालू करून हवा मोजतात. मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते नसेल तर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. हवेचा फुसफुस आवाज दोन्हीकडे एकाच पट्टीत यायला हवा. सरावलेला कान यात चांगल्या यंत्राच्या जवळपास पोचतो.

हवा सारखी झाली की मिश्रण. मिश्रणाची गाठ खाली फिरवली की पेट्रोल वाढते, वर घेतली की कमी होते. दोन्ही पूर्ण वर नेऊन, मग अडीच फेरे खाली आणून सुरुवात करतात. आता पुढच्या कार्ब्युरेटरचा पिस्टन अगदी थोडा, जेमतेम एक मिलिमीटर, उचलायचा. यामुळे त्या गटाला किंचित जास्त हवा मिळते. इंजिनची गती क्षणभर जराशी वाढून पुन्हा जागेवर आली तर मिश्रण बरोबर. वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त होते. लगेच पडली तर पेट्रोल आधीच कमी होते. मग हीच परीक्षा मागच्या कार्ब्युरेटरची. ही पद्धत मला फार आवडते. काहीही मोजायचे नाही. एक लहानसा धक्का द्यायचा आणि इंजिन कोणत्या बाजूला झुकते ते पाहायचे.

मिश्रण बदलले की गती बदलते, म्हणून पुन्हा हवा जुळवायची, मग पुन्हा मिश्रण. प्रत्येक फेरीला चूक लहान होत जाते. गणितात पुनरावृत्तीने मूळ शोधतो तसाच हा प्रकार आहे. घाई करणारा इथेच हात टेकतो.

गटांची ताकद वेगवेगळी पाहायची असेल तर ४, ५, ६ च्या प्लगच्या तारा काढून त्या इंजिनच्या धातूला टेकवतात. लोंबत ठेवत नाहीत, नाहीतर कॉइलला धोका असतो. इंजिन पुढच्या तिघांवर चालते, २४० अंशांच्या समान अंतराने, मागच्या तिघांना ओढत. गती किती राहिली ते नोंदवायचे. मग १, २, ३ बंद करून पाहायचे. दोन्ही वेळची गती जवळपास सारखी असेल तर दोन्ही गट समान. हा प्रयोग अर्ध्या मिनिटात उरकावा, कारण बंद गटातले कच्चे पेट्रोल धुराच्या नळीत साठत असते. आणि हे सारे काम उघड्यावरच करावे. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावतो, आणि त्या वायूला वास नसतो.

शेवटी जोडदांडा पुन्हा आवळतात. दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी हलायला सुरुवात झाली पाहिजे. एक केसभर आधी हलला तर जागेवर शांत चालणारे इंजिन पाय दाबताच थरथरते. म्हणून मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर हवेची तुलना पुन्हा एकदा करतात. बरेच जण ही तपासणी टाळतात आणि मग कार्ब्युरेटरलाच नावे ठेवतात.

दोनाने काम होते तर तीन कार्ब्युरेटर आणखी चांगले, असे वाटेल. जॅग्वारच्या १९६१ च्या ई-टाइपवर तीन होते, प्रत्येकी दोन सिलिंडरांसाठी. मघाचाच क्रम घेऊन अंतरे काढा. १-२ या जोडीला ओढ ० आणि ४८० अंशांवर, म्हणजे अंतरे ४८० आणि २४०. ५-६ या जोडीचेही २४० आणि ४८०. फक्त मधल्या ३-४ ला ३६०-३६० असे समान अंतर मिळते. टोकाच्या कार्ब्युरेटरमध्ये प्रवाह दोनदा लागोपाठ वाहतो आणि मग बराच वेळ थबकतो. शिवाय जुळवायचे भाग तीन. ऑस्टिन-हिली ३००० या इंग्लिश गाडीवर १९६१ मध्ये तीन कार्ब्युरेटर आले आणि १९६२ मध्ये पुन्हा दोनच झाले. तिघांना एकमेकांशी जुळते ठेवणे फार कटकटीचे होते.

नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर केव्हाच गेला. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला. आता प्रत्येक सिलिंडरजवळ इंधनाचा वेगळा फवारा असतो आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक संगणकाला खबर देतो. पण कितीतरी साध्या चार सिलिंडरच्या गाड्यांत चौघांचा धूर एकत्र झाल्यावरच तो संवेदक त्याची परीक्षा करतो. एका सिलिंडरचा फवारा तुंबला तर तो काय सांगेल आणि संगणक इतर तिघांना काय शिक्षा करील, हे वर दिलेल्या गणितावरून विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.